जिन्याखालची खोली

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थानें एखादा नवा छंद धरला म्हणजे घरांतील मंडळी त्याच्याकडे ज्या नजरेनें पाहूं लागतात, ती नजर मीं गेल्या वर्षीं पुरेपूर अनुभवली. मुलाच्या छंदाला लोक हौस म्हणतात, म्हाताऱ्याच्या छंदाला विरंगुळा म्हणतात. पण मधल्या वयाच्या प्राध्यापकाच्या छंदाला काय म्हणावें हें कोणालाच नीट ठाऊक नसतें. आमच्या जेवणाच्या टेबलावर तारांचे तुकडे आणि कथलाची गुंडाळी दिसूं लागली, घरभर जळक्या राळेचा वास पसरूं लागला, तेव्हां पत्नीनें पहिला आठवडा विनोदानें घेतला, दुसरा सहनशीलतेनें घेतला आणि तिसऱ्या आठवड्यांत टेबलावर जुनें वर्तमानपत्र अंथरून ठेवलें. संसारांतील पुष्कळशा तहांचीं कलमें अशींच न लिहितां ठरत असतात.

या खटपटीचें निमित्त अगदीं साधें होतें. माझी आई साताऱ्यास थोरल्या भावाकडे असते. तिचें वय ८३. काचबिंदूनें तिची दृष्टि हळूहळू नेली आहे. तिला उजेड कळतो, पण माणूस आवाजावरूनच ओळखावा लागतो. उरलेली दृष्टि टिकावी म्हणून दर महिन्याला तिला तपासणीसाठीं पुण्यास आणावें लागतें, आणि हें काम मी आनंदानें करतों. पूर्वीं या प्रवासांत आई खिडकींतून बाहेर पाही आणि शिरवळ आलें, खंबाटकीचा घाट आला, असें मलाच सांगे. आतां खिडकी तिच्या उपयोगाची राहिली नाहीं. तिच्या वांट्याला उरला तो कान. आणि त्या कानाला बालगंधर्वांचीं गाणीं लागतात. तीं सारीं माझ्या मोबाइलमध्यें आहेत. अडचण एवढीच, कीं माझी मोटार त्या मोबाइलला ओळखत नाहीं.

मोटार वीस वर्षांहून अधिक जुनी आहे. तिच्यांत कॅसेट वाजविणारा रेडिओ आहे. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत कॅसेट प्रथम मांडली, आणि आमच्या पिढीनें आपलें सारें तारुण्य त्या चार मिलिमीटरांहूनहि अरुंद फितीवर सांठवून ठेवलें. पण माझ्या संचांतील रबरी पट्टा कधींच सैल पडला होता. फीत आंत जाई ती आंतच गुरफटून बसे. रेडिओ चाले, परंतु कात्रजचा बोगदा ओलांडला कीं पुण्याचीं एफ. एम. केंद्रें एकेक करून मावळत. कारण त्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात आणि डोंगर त्यांना आडवा येतो.

"बाबा, नवा संच बसवून टाका. एका दुपारचें काम आहे," असें मुलगा म्हणाला. त्याचें म्हणणें बरोबर होतें, आणि म्हणूनच मला तें आवडलें नाहीं. मीं मधला मार्ग काढला. सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत बसणारें एक चिमुकलें प्रक्षेपण-यंत्र मिळतें. मोबाइलमधील गाणें तें एफ. एम. लहरीवर सोडतें आणि मोटारींतील रेडिओ तें पकडतो. पण एफ. एम. ग्राहकाचा स्वभाव असा, कीं एकाच लहरीवर दोन आवाज आले तर सबळ आवाज दुबळ्याला गिळून टाकतो. घाटाच्या माथ्यावर नाट्यपद ऐन रंगांत आलें असतां कोठल्या तरी दूरच्या केंद्रानें तें गिळलें आणि सोन्याच्या दुकानाची जाहिरात सुरू झाली. आई थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग तिनें शांतपणें विचारलें, "हें कोणत्या नाटकांतलें रे?"

त्याच रात्रीं मीं ठरविलें, कीं हें जोड-यंत्र आपण स्वतः करावयाचें. या निश्चयांत हट्टाचा अंश होता हें मी नाकारीत नाहीं. पण त्या हट्टाच्या मुळाशीं एक आठवण होती. १९८२ च्या सुमारास, शाळेंत असतांना, पुण्याच्या आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर बसून मीं एक लहानसा रेडिओ केला होता. जर्मेनियमचा एक डायोड, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार, गँग कंडेन्सर आणि कानांत घालावयाचा एक इअरफोन, एवढीच त्याची संपत्ति. त्याला बॅटरी नव्हती. कौलांवरून ताणलेल्या तारेंत हवेंतून जी काय शक्ति उतरे तिच्यावरच तो बोले. पहिल्या रात्रीं कानांत पुणें केंद्राचा आवाज आला तेव्हां मीं आईला झोपेंतून उठवून तिच्या कानांत तो इअरफोन घातला होता. पुढें मला इंग्रजी निबंधाचें एक बक्षीस मिळालें आणि माझें आयुष्य शब्दांकडे वळलें. सोल्डरिंगचें आयर्न माळ्यावर गेलें तें गेलेंच.

छंद हा शब्द आपल्या भाषेंत दोन अर्थांनीं वावरतो. कवितेच्या वृत्ताला आपण छंद म्हणतों आणि मनाच्या नादालाहि छंद म्हणतों. तीस वर्षें मीं पहिल्या छंदाचीं मोजमापें विद्यार्थ्यांना शिकविलीं. दुसऱ्या छंदालाहि मोजमापें असतात हें मला तपकीर गल्लींत कळलें. बुधवार पेठेंतील या गल्लींत विजेच्या सामानाचीं दुकानें एकमेकांना खेटून उभीं आहेत. मीं एका दुकानदाराजवळ ऐटींत कंडेन्सर मागितला. "किती मायक्रोफॅरडचा? किती व्होल्टचा?" त्यानें मान वर न करतां विचारलें. मी गप्प झालों. प्रश्न नेमका विचारावा, असें वर्गांत घसा कोरडा होईपर्यंत सांगणारा मी, त्या फळीपुढें ढ विद्यार्थ्यासारखा उभा राहिलों. मागून आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानें तोंडानें दहा वस्तूंची यादी घडाघडा म्हटली आणि पुडी घेऊन तो निघूनहि गेला.

तरी काम पुढें सरकलें. संच मोटारींतून काढून टेबलावर उघडा केला, तेव्हां त्याचें अंतरंग मला वाटलें होतें तितकें गूढ निघालें नाहीं. फितीवरून डोक्यानें उचललेली विजेची खूण एक मिलिव्होल्टहूनहि लहान असते. ती पहिल्या वर्धकांत थोडी मोठी होते, आवाज कमीजास्त करण्याच्या बटणापाशीं येते, आणि तेथून दुसऱ्या, मोठ्या वर्धकांत जाऊन कर्ण्याला हलविण्याइतकी बलवान होते. मोबाइलमधून येणारी खूण या दोन टप्प्यांच्या मधल्या मापाची असते. म्हणजे तिला शिरकाव द्यावयाचा तो आवाजाच्या बटणापाशींच. तेथें एक दुहेरी स्विच बसविला, कीं इकडे फिरविल्यास रेडिओ आणि तिकडे फिरविल्यास मोबाइल. वाटेंत एकेक कंडेन्सर घातला म्हणजे गाण्याची डोलणारी वीज पलीकडे जाते आणि स्थिर वीज अलीकडेच थोपते. मोबाइलची बॅटरी प्रवासांत उतरूं नये म्हणून मोटारीच्या विजेपासून पांच व्होल्ट करणारा ७८०५ या क्रमांकाचा एक तीन पायांचा तुकडाहि बसविला. इंजिन चालूं असतांना मोटारींत चौदा व्होल्टच्या आसपास वीज असते. तींतील पांच ठेवून उरलेले नऊ व्होल्ट हा तुकडा उष्णतेच्या रूपानें टाकून देतो. अर्धा अँपिअर घेतला तर साडेचार वॅट. हा गुणाकार मीं कागदावर केला नव्हता. बोटानें केला, आणि फोड आल्यावर त्याला अॅल्युमिनियमचा पंखा जोडला.

एका रविवारीं सकाळीं संच मोटारींत बसवून मीं स्विच फिरविला. गाणें सुरू झालें. स्पष्ट, भरदार, जवळचें. मी विजयी मुद्रेनें पत्नीला हांक मारली आणि तिला फिरावयास नेण्यासाठीं इंजिन सुरू केलें. त्याबरोबर गाण्याच्या मागें एक बारीक किंकाळी उठली. पाय दाबला कीं ती चढे, पाय सोडला कीं उतरे. बालगंधर्वांना एखाद्या हट्टी मुलानें पिपाणीनें साथ करावी तसा तो प्रकार होता. पंधरा दिवस मीं त्या किंकाळीशीं झुंजलों. मोठे कंडेन्सर घातले, तारा बदलल्या, पुस्तकें उघडलीं. किंकाळी तशीच राहिली.

अशा वेळीं पदार्थविज्ञान-विभागांतील एका सहकाऱ्यानें सहज म्हटलें, "मामांना कां विचारीत नाहीं?" आणि मी एकदम गप्प झालों.

मामा म्हणजे आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील मदतनीस. त्यांना निवृत्त होऊन पुष्कळ वर्षें झालीं. मुख्य इमारतीच्या जिन्याखालीं एक लहानशी खोली होती. तिला कोणीं नांव दिलें नव्हतें. मुलें तिला रेडिओची खोली म्हणत. संध्याकाळीं तास संपल्यावर मामा ती उघडीत, आणि कोणत्याहि शाखेचीं पांच-दहा मुलें तेथें बसून जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, टेबलावरचे दिवे, असें कांहींबाहीं उघडीत व जोडीत. २००७ सालीं उत्तरपत्रिका ठेवावयास जागा कमी पडूं लागली. जागेचा विचार करण्यासाठीं समिति नेमली गेली आणि मी तिचा चिटणीस होतों. त्या खोलीचा कोणताहि शैक्षणिक उपयोग होत नाहीं, अशा अर्थाचें एक डौलदार इंग्रजी वाक्य मीं लिहिलें. समितीला तें फार आवडलें. खोली आठ दिवसांत रिकामी झाली. हें वाक्य लिहिण्यापूर्वीं मीं त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आंत एकदांहि पाऊल टाकलें नव्हतें.

मामांकडे जावयास मला आणखी दहा दिवस लागले. धनकवडीला एका चाळवजा इमारतींत ते मुलीजवळ राहतात. सत्तरी केव्हांच उलटली आहे, हाताला किंचित् कंप आहे. मला पाहून ते लगबगीनें उठले. "या सर, बसा," म्हणून खुर्ची पुढें केली आणि मी कशासाठीं आलों हें ऐकतांच त्यांनीं चष्मा बदलला. माझें यंत्र उलटसुलट करून पाहिलें आणि पहिला प्रश्न विचारला तो किंकाळीबद्दल नव्हे.

"फ्यूज कुठें आहे, सर?"

फ्यूज नव्हता. "बारा व्होल्टची म्हणून मोटारीच्या बॅटरीला गरीब समजूं नका," ते म्हणाले. "हाताला झटका देणार नाहीं, पण तार तारेला लागली तर शेकडों अँपिअर ओतील. तार लाल होईल, मग आसन पेटेल. आईंना मागें बसवतां ना?"

माझ्या अंगावर कांटा आला. ज्या यंत्रांत मी पंधरा दिवस सुरांचा दोष शोधीत होतों, त्यांत आगीची सोय मीं आपल्या हातानें करून ठेवली होती.

मग त्यांनीं माझे जोड पाहिले. झाळलेला जोड चकचकीत असावा. माझे जोड राखी रंगाचे, गोळ्यांसारखे होते. "आयर्नवर सोल्डर वितळवून वरून थेंब सोडलात. तसें नाहीं. आधीं जोड तापवायचा, आणि त्या तापलेल्या जोडानेंच सोल्डर वितळूं द्यायचें. नाहींतर वरून चिकटल्यासारखें दिसतें, आंत धरत नाहीं." हें त्यांनीं तारेबद्दल सांगितलें. परंतु मला माझीं कांहीं व्याख्यानें आठवलीं.

किंकाळीचें कारण त्यांनीं दोन वाक्यांत सांगितलें. "तुम्हीं जमीन दोन ठिकाणीं धरली आहे. एक मोबाइलच्या चार्जिंगमधून, दुसरी संचाच्या पत्र्यामधून." मोटारीचा सारा पत्रा विजेच्या परतीची वाट असतो. इंजिनाबरोबर फिरणारा आल्टरनेटर जी वीज करतो ती डायोडांनीं एका दिशेची केली, तरी तिच्यांत थोडी थरथर उरते; त्या वाटेवरच्या दोन ठिकाणांमध्यें कांहीं मिलिव्होल्टांचा फरक पडतो आणि तो गाण्याच्या तारेंत शिरतो. इंजिनाचा वेग वाढला कीं थरथर वाढते, म्हणून किंकाळी चढते. उपाय असा, कीं गाण्याच्या वाटेंत एकास एक प्रमाणाचा लहान ट्रान्सफॉर्मर घालावा. त्याच्या दोन वेटोळ्यांत तारेचा संबंध नसतो. गाणें चुंबकाच्या द्वारें पलीकडे जातें आणि जमीन अलीकडेच राहते.

"हे मिळतील कोठें?" मीं विचारलें. मामांनीं खाटेखालून पत्र्याची एक ट्रंक ओढली. आंत कापडांत गुंडाळलेलीं हत्यारें, डब्यांतून निवडून ठेवलेले रेझिस्टन्स, एक मीटर आणि जुन्या मोडेमांतून काढलेले ट्रान्सफॉर्मर. वर एक वही. "खोली रिकामी झाली तेव्हां हें भंगारांत जात होतें. विभागप्रमुखांची चिठ्ठी घेऊन मीं ठेवून घेतलें. चिठ्ठी वहींत आहे. एकूण एक नग लिहिलेला आहे."

मला तेथें बसवेना. मीं म्हटलें, "मामा, तो ठराव मीं लिहिला होता."

"ठाऊक आहे ना सर," ते ट्रान्सफॉर्मर निवडीत म्हणाले. "फाइल सह्यांसाठीं मीच फिरवली होती. मला इंग्रजी येत नाहीं. कारकुनांनीं वाचून दाखवलें. फार छान लिहिलंय म्हणाले."

त्यांच्या स्वरांत टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपें गेलें असतें.

त्या रात्रीं मला जगदीशचंद्र बसूंची गोष्ट आठवत राहिली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत त्यांना प्रयोगशाळा नव्हती. स्नानगृहालगतच्या एका चिंचोळ्या जागेंत, ज्याला शास्त्राचा गंध नव्हता अशा एका टिनकाम करणाऱ्या कारागिराकडून उपकरणें करून घेऊन, त्यांनीं विद्युल्लहरींचे प्रयोग केले. शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहरी ओळखण्याच्या त्यांच्या युक्तीला १९०४ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. माझ्या माळ्यावरचा तो मुका डायोड याच कुळांतला. बसूंचें नांव आम्ही दरवर्षीं भाषणांत घेतों. त्या कारागिराचें नांव घेत नाहीं, आणि चिंचोळ्या जागा दिसल्या कीं त्यांत कपाटें ठेवतों. आमच्या सुशिक्षित वर्गाला हातांबद्दल तिरस्कार आहे असें मी म्हणणार नाहीं. तिरस्काराला निदान दुसऱ्याकडे पाहावें लागतें. आम्ही पाहतच नाहीं. पुण्यामुंबईच्या घराघरांत पूर्वीं एखादा मुलगा घड्याळ उघडून बसे आणि त्याला मार मिळे. आज त्याला मारहि मिळत नाहीं, कारण उघडतां येईल अशी वस्तूच त्याच्या हातीं येत नाहीं. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माझ्या मुलानें सोल्डरिंगचें आयर्न प्रथम हातांत धरलें तें आमच्या जेवणाच्या टेबलावर.

यंत्र पुरें झालें. प्रत्येक जोड मीं मामांसमोर बसून पुन्हां केला. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेंत अगदीं आरंभालाच एक अँपिअरचा फ्यूज घातला. लहान ट्रान्सफॉर्मर खर्जाचा थोडा भाग खातो हें खरें. पण तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांत खर्ज मुळांतच बेताचा असतो, त्यामुळें आम्हांला नुकसान जाणवलें नाहीं. इंजिन सुरू केलें, किंकाळी नव्हती. मामांनीं कान देऊन ऐकलें, मान हलविली आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन नगांपुढें वहींत तारीख घालून माझी सही घेतली. माझ्या आयुष्यांत मीं केलेल्या सह्यांपैकीं त्या सहीला वजन अधिक आहे असें मला वाटतें.

पुढील बैठकींत मीं जिन्याखालची खोली परत मागितली. ती मिळाली नाहीं. तिच्यांत आजहि उत्तरपत्रिका आहेत, आणि त्या हलवावयास जागा नाहीं, हें माझ्याच जुन्या वाक्याच्या आधारें मला समजावून सांगण्यांत आलें. मिळाली ती प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्याची कड, दोन बांकें आणि शनिवारचे दोन तास. मामा रिक्षानें येतात. ट्रंक मी आणतों. पहिल्या शनिवारीं सात मुलें आलीं, दुसऱ्या शनिवारीं चार. तिसऱ्या शनिवारीं पुन्हां सात झालीं, आणि त्यांत मराठी शाखेची एक मुलगी आपल्या आजोबांचा बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन आली होती. झालें नुकसान एवढ्यानें भरून निघत नाहीं. मधल्या वर्षांत त्या खोलींत बसूं शकलीं असतीं तीं मुलें कोण होतीं, हें कोणत्याहि वहींत लिहिलेलें नाहीं.

त्यानंतरच्या तपासणीहून आईला घेऊन परत निघालों. ती मागच्या आसनावर उशीला टेकून बसली होती. मीं स्विच फिरविला. गाणें मोटारभर भरलें. कात्रज गेलें, शिरवळ गेलें, तरी तें मावळलें नाहीं. आरशांत मला आईचा चेहरा दिसत होता. तीन पदें संपेपर्यंत ती बोटानें गुडघ्यावर ताल धरून होती. चौथें सुरू होतांच म्हणाली, "आवाज अगदीं स्वच्छ आहे हो. आतां बंद कर जरा."

मी चपापलों. विचारलें, "कां? आवडलें नाहीं?"

"आवडलें की. पण मला दिसत नाहीं, तेव्हां तूं हें कसें केलेंस तें मला सांग. माळ्यावर केला होतास, तसलेंच आहे का हें?"

मीं गाणें बंद केलें. घाट चढतांना मी तिला दोन जमिनींची गोष्ट सांगूं लागलों, आणि फ्यूजचीहि सांगितली.